शेजारघरचं विरजण

कंपायलर काहीच बोलत नव्हता. चूक दाखवत नव्हता, क्रॅश होत नव्हता आणि संपतही नव्हता. मशीनवर भार शून्य होता, म्हणजे आत कुठे लूप अडकलेलं नव्हतं. तो कशाची तरी वाट पाहत होता. बराच वेळ गेल्यावर मी कीबोर्डवर चार अक्षरं टाइप केली, एंटर दाबलं, मग कंट्रोल-डी. लगेच पडद्यावर ओळ उमटली : पहिल्या ओळीत अनोळखी शब्द. आणि तो शब्द म्हणजे मी नुकतीच टाइप केलेली चार अक्षरं. प्रोग्रॅमची फाइल बाजूला ठेवून आमचा कंपायलर माझं टायपिंग कंपाइल करत होता.

ही २०१८च्या पावसाळ्यातली, पुण्यातली गोष्ट. हिशेबाचे नियम लिहिण्यासाठी आमच्या टीमने एक छोटी भाषा तयार केली होती आणि तिचा कंपायलर कित्येक वर्षं लिनक्सवर विनातक्रार चालत होता. एका ग्राहकाचे सगळे सर्व्हर फ्रीबीएसडीवर होते. त्यांच्यासाठी कंपायलर तिकडे पोर्ट करायचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही सिस्टिमी युनिक्सच्याच घराण्यातल्या. प्रोसेसरही तोच, ६४ बिटांचा. फंक्शनला आर्ग्युमेंट कोणत्या रजिस्टरमधून द्यायची याचा करारसुद्धा दोन्हीकडे एकच. त्यामुळे असेंब्ली तयार करणारा भाग, जो आम्ही सगळ्यांत जास्त घाम गाळून लिहिला होता, त्याला हात लावावा लागणार नाही असा माझा अंदाज होता. तो अंदाज खरा ठरला. अडचणी आल्या त्या सगळ्या दुसऱ्या दारातून.

फ्रीबीएसडीवर ट्रस नावाचं साधन आहे. चालू प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो आणि कर्नल काय उत्तर देतो, हे ते ओळीओळीने दाखवतं. ते लावल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. आमचा कंपायलर हवी ती फाइल आधी एका फोल्डरमध्ये शोधतो, तिथे नसेल तर पुढच्या. पहिल्या फोल्डरमध्ये फाइल नव्हती आणि कर्नलने तसं सांगितलंही होतं : चूक क्रमांक २, अशी फाइल नाही. लिनक्सचा कर्नल ही चूक रजिस्टरमध्ये उणे २ म्हणून ठेवतो. उत्तर ऋण आलं की चूक, असं आमच्या असेंब्लीत लिहिलेलं होतं. फ्रीबीएसडीचा कर्नल तिथे साधा २ ठेवतो आणि चूक झाल्याची खूण प्रोसेसरच्या कॅरी फ्लॅगमध्ये करतो. त्या फ्लॅगकडे आम्ही पाहतच नव्हतो. आमच्या लेखी फाइल उघडली होती आणि तिचा क्रमांक होता २. युनिक्समध्ये क्रमांक २ म्हणजे चुका छापायची जागा. टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत ती जागा म्हणजे टर्मिनलच, आणि तिथून वाचताही येतं. कंपायलर माझ्या बोटांची वाट पाहत होता.

मी हे सरांना दाखवलं. सर आमच्या टीममधले सर्वांत जुने. सी आणि युनिक्स त्यांनी आमच्या जन्माच्या आसपास शिकलेलं. कर्नलशी थेट बोलणाऱ्या असेंब्लीच्या त्या सहा ओळी त्यांनी शांतपणे वाचल्या.

“अगं, चूक ऋण आकड्यात येते, हे कुठे लिहिलंय?”

“लिनक्सच्या मॅन पेजवर आहे, सर.”

“लिनक्सच्या आहे. आता फ्रीबीएसडीचं पेज उघड, आणि कर्नलशी थेट बोला असं त्यांनी कुठे म्हटलंय का बघ.”

तसं कुठे म्हटलेलं नव्हतं. त्यामागचं कारण मला त्या दिवसापर्यंत नीट कळलेलं नव्हतं. लिनक्स म्हणजे मुळात एक कर्नल. सी लायब्ररी दुसरे लोक लिहितात, तीही एकच नाही. त्यामुळे प्रोग्रॅमला दिलेला शब्द कर्नलला स्वतःलाच पाळावा लागतो, आणि लिनक्सवाले तो कसोशीने पाळतात. बीएसडीच्या घरात कर्नल आणि सी लायब्ररी एकाच छपराखाली, एकाच रिपॉझिटरीत वाढतात आणि एकत्रच बाहेर पडतात. तिथे बाहेरच्यांना शब्द देते ती लायब्ररी. तिच्या आत ती कर्नलशी काय बोलते, हा घरातला मामला. त्याच घराण्यातल्या ओपनबीएसडीने तर पुढे यावर कुलूपच लावलं. तिथला कर्नल आता लायब्ररीच्या जागेतून न आलेली मागणी ऐकून घेत नाही. गो भाषेचे प्रोग्रॅम बरीच वर्षं कर्नलशी थेट बोलत आले होते, पण २०२१च्या १.१६ आवृत्तीत ओपनबीएसडीपुरती त्यांनाही लायब्ररीची वाट धरावी लागली.

आम्हीही तीच वाट धरली. थेट कर्नलशी बोलणारं सगळं असेंब्ली काढून टाकलं. वेगासाठी म्हणून ते कुणीतरी कौतुकाने लिहिलं होतं. काढल्यावर वेगात मोजण्याजोगा फरक पडला नाही.

आठवडाभर बरं चाललं. मग असेंबलर अधूनमधून तक्रार करू लागला की हे लेबल या फाइलमध्ये आधीच आहे. तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर पुसलं की तक्रार बंद होई आणि दुपारी पुन्हा उगवे. ‘अधूनमधून’ या शब्दाइतका त्रास आमच्या धंद्यात दुसरा कुठला शब्द देत नाही. नेहमी होणारी चूक पकडता येते. अधूनमधून होणारी चूक माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावते. मी दोन दिवस मेमरीचा गोंधळ समजून डीबगरमध्ये घालवले.

शेवटी ती फाइल एडिटरमध्ये उघडून खालपर्यंत वाचली. वरचं सगळं नवं असेंब्ली बरोबर होतं आणि त्याच्या खाली कालच्या, जास्त लांब असेंब्लीचं शेपूट लोंबत होतं. नवं लिहिण्याआधी फाइल रिकामी होतच नव्हती.

फाइल उघडताना ती कशी उघडायची हे आकड्यांनी सांगतात. लिनक्सवर ‘फक्त लिहिण्यासाठी’ म्हणजे १, ‘नसेल तर तयार कर’ म्हणजे ६४, ‘असेल तर रिकामी कर’ म्हणजे ५१२. बेरीज ५७७. आमच्या भाषेच्या लायब्ररीत हा ५७७ कुणीतरी जसाच्या तसा उतरवून ठेवला होता. फ्रीबीएसडीवर ‘तयार कर’ म्हणजे ५१२ आणि ‘रिकामी कर’ म्हणजे १०२४. ६४चा अर्थ तिथे भलताच आहे, पण साध्या फाइलीला त्याने काही होत नाही. म्हणजे आमच्या ५७७चा तिथला अर्थ : नसेल तर तयार कर, आणि असेल तर आहे तशी राहू दे. नवी फाइल जुनीपेक्षा लांब असली की जुनं सगळं झाकलं जाई, आखूड असली की शेपूट उरे. आकडा पूर्ण चुकीचा असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता. तो अर्धा बरोबर होता.

त्यानंतर मी अशा सगळ्या आकड्यांच्या मागे लागले. चुकांचे पहिले दहा क्रमांक दोन्हीकडे सारखे आहेत, त्यामुळे माणूस गाफील राहतो. अकरावा लिनक्सवर ‘आत्ता नाही, पुन्हा प्रयत्न कर’ असं सांगतो. फ्रीबीएसडीवर तोच अकरा म्हणजे डेडलॉक, दोघं एकमेकांची वाट अडवून बसलेले. आणि पस्तीस? लिनक्सवर डेडलॉक, फ्रीबीएसडीवर पुन्हा प्रयत्न कर. बरोब्बर अदलाबदल. ‘पुन्हा ये’ म्हणणाऱ्याला ‘कायमचं अडकलं’ असं ऐकायचं किंवा त्याच्या उलट, असा हा घोळ.

सीमध्ये लिहिणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, कारण तो आकडे लिहीत नाही, नावं लिहितो, आणि त्या नावांमागचे आकडे त्या त्या सिस्टिमच्या हेडर फाइली पुरवतात. पोझिक्स या प्रमाणाने १९८८पासून ठरवलं आहे ते नाव आणि त्याचा अर्थ. आकडा ही ज्या त्या घराची सवय. आमच्या भाषेला हेडर फाइली नव्हत्या म्हणून आम्ही एका घरच्या सवयी पाठ केल्या आणि त्यांनाच नियम समजलो. मग मी सीमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो त्या मशीनवरच्या हेडर फाइली वाचून प्रत्येक नावाचा आकडा आणि प्रत्येक स्ट्रक्चरमध्ये कोणतं घर कितव्या बाइटपासून सुरू होतं हे छापून देई. ते छापील पान आमच्या लायब्ररीत जाई.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी इंटरडेटाची गोष्ट सांगितली ती याच सुमाराला. बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युनिक्स पीडीपी-११वरून इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या यंत्रावर नेलं. जॉन्सन यांचा, वेगवेगळ्या यंत्रांवर नेता येईल असा सी कंपायलर त्यासाठीच पुढे आला. त्याआधी सीचे प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रांवर न्यायचे प्रयत्न झाले होते. त्यात त्यांना कळलं की नव्या यंत्राच्या हार्डवेअरइतकाच अडथळा तिथल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा होतो. म्हणून त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच उचलून न्यायचं ठरवलं. १९७८ साली त्यांनी हे सगळं लिहून प्रसिद्धही केलं. मी तो लेख त्या रात्री वाचला. माझ्या जन्माआधीचा तो कागद माझ्या त्या आठवड्याबद्दल बोलत होता.

आता विरजणाचं. आमचा कंपायलर त्याच्या स्वतःच्याच भाषेत लिहिलेला आहे. तो कंपाइल करायला तोच लागतो. नव्या मशीनवर तो नसतो, म्हणून तो तिथे तयार करता येत नाही. आईने दही लावताना पाहिलेल्या कुणालाही हे कोडं वाटणार नाही. घरात दही नसेल तर शेजारून चमचाभर आणायचं. लिनक्सवरच्या कंपायलरला मी फ्रीबीएसडीचं टार्गेट दिलं, त्याच्याकडून त्याच्या स्वतःच्या सोर्सचं असेंब्ली करून घेतलं आणि त्या फाइली फ्रीबीएसडीवर नेऊन तिथल्या क्लँगने जोडल्या. हे शेजारघरचं विरजण. मग त्या बायनरीने फ्रीबीएसडीवर बसून आपलाच सोर्स पुन्हा कंपाइल केला.

खरं तर इथे काम संपल्यासारखं वाटतं. टेस्ट पास होत होत्या. पण आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळेत मी एकदा बसले होते आणि जीसीसीची बांधणी तीन टप्प्यांत का होते हे तिथे मनावर ठसलं होतं. जुना कंपायलर पहिला टप्पा बांधतो, पहिला दुसरा बांधतो, दुसरा तिसरा. दुसरा आणि तिसरा बाइटन् बाइट सारखे यायला हवेत, कारण दोघांचा सोर्स एकच आणि दोघांना घडवणाऱ्यांचं वागणं एकच असायला हवं. फरक आला तर कुठेतरी कंपायलर चुकीचा कोड काढतोय आणि टेस्टना ते दिसत नाही. केन थॉम्पसन यांनी १९८४ साली छापलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवलं होतं की कंपायलरच्या बायनरीत दडवलेली खोड सोर्समध्ये मागमूस न ठेवता पुढच्या पिढ्यांत उतरत राहू शकते. विरजण कसं आहे हे दह्यावरूनच तपासावं लागतं.

म्हणून मी लिनक्सवर काढलेलं असेंब्ली आणि फ्रीबीएसडीवर काढलेलं असेंब्ली शेजारी शेजारी ठेवून डिफ चालवला. सोर्स तोच, टार्गेट तेच, फक्त काम करणारं मशीन वेगळं. एक ओळही वेगळी यायला नको होती. चाळीसेक ठिकाणी फरक आला.

प्रत्येक ठिकाणी फरक एकाच प्रकारचा होता. दोन फंक्शनांनी जागा बदलल्या होत्या. आतला कोड अक्षर न् अक्षर सारखा, क्रम उलटा. असेंब्ली लिहिण्याआधी आमचा कंपायलर फंक्शनं किती वेळा वापरली गेली त्यानुसार लावतो, आणि त्यासाठी सी लायब्ररीचं क्यूसॉर्ट वापरतो. जागा बदललेल्या फंक्शनांची गणती नेहमी समान असायची. आता सर विचारण्याआधी मीच स्वतःला विचारलं की समान गणतीची दोन फंक्शनं मूळ क्रमातच राहतील, हे कुठे लिहिलंय? नावात क्विक असलं तरी ग्लिबसीचं, म्हणजे आमच्या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचं, क्यूसॉर्ट तेव्हा मेमरी पुरेशी असली की मर्ज सॉर्ट करायचं, आणि मर्ज सॉर्ट समान गोष्टींचा क्रम बिघडवत नाही. बीएसडीचं क्यूसॉर्ट हे खरोखरच क्विकसॉर्ट आहे, बेंटली आणि मॅकिलरॉय यांनी घोटून काढलेलं, आणि ते समानांचा क्रम राखत नाही. फ्रीबीएसडीच्या मॅन पेजवर हे स्वच्छ लिहिलेलं आहे. क्रम राखायचा असेल तर शेजारी मर्जसॉर्ट नावाचं वेगळं फंक्शन ठेवलंय, हेही त्याच पानावर आहे.

मग मी लिनक्सचं पान उघडलं. दोन घटक समान ठरले तर त्यांचा क्रम निश्चित नाही, असं तिथेही लिहिलेलं होतं. इतकी वर्षं लिहिलेलं होतं. ते वाचून मी बराच वेळ खुर्चीत तशीच बसून राहिले. ग्लिबसीने आम्हाला फसवलेलं नव्हतं. तिने न दिलेला शब्द ती निव्वळ सवयीने पाळत आली होती आणि आम्ही त्या सवयीवर घर बांधलं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती : गणती समान असेल तर सोर्समध्ये जे फंक्शन आधी, ते आधी. डिफ पुन्हा चालवला. त्याने काहीही छापलं नाही आणि प्रॉम्प्ट परत आला. सर पलीकडच्या टेबलावर होते. मी फक्त “सर” एवढंच म्हटलं. ते उठून आले, रिकाम्या पडद्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवून परत गेले.

डिसेंबरात फ्रीबीएसडी १२.० आलं. आमचे ११वर बांधलेले प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालले, पण १२वर नव्याने बांधलेले कोसळू लागले. या आवृत्तीत फाइलींचे आयनोड क्रमांक ३२वरून ६४ बिटांचे झाले होते, म्हणून फाइलीची माहिती देणारं स्टॅट हे स्ट्रक्चर १२० बाइटांवरून २२४वर गेलं होतं. त्यांनी जुन्या प्रोग्रॅमसाठी लायब्ररीत जुन्या सिम्बॉलच्या आवृत्त्या जपून ठेवल्या होत्या, म्हणून ११ची बायनरी सुखरूप. नव्याने लिंक केलेल्या प्रोग्रॅमला मात्र नवं स्टॅट मिळे, आणि आमच्याकडे छापील पान होतं ११चं, कारण मी ते एकदा छापून सोर्समध्ये ठेवून दिलं होतं. आम्ही १२० बाइटांची जागा राखत होतो, लायब्ररी त्यात २२४ ओतत होती. जिथे फाइलीचा आकार वाचत होतो तिथे आता फाइल शेवटची बदलली त्या वेळेचा तुकडा होता. फ्रीबीएसडीने त्यांचा शब्द दोन्ही बाजूंनी पाळला होता. तेव्हापासून ते पान साठवत नाही. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीला नव्याने छापतो.

ओपनबीएसडीचं पोर्टिंग कुणी मागितलं नव्हतं. २०२०च्या टाळेबंदीत साताऱ्याला आईकडे असताना संध्याकाळी मी ते स्वतःच्या ओढीने केलं. तिथे चालू प्रोग्रॅमला ‘मी स्वतः डिस्कवर कुठे आहे’ हे सांगणारी सोयच नाही, त्यामुळे आमची लायब्ररी शोधायची पद्धत बदलावी लागली. आणि थ्रेड कोसळायचे. आमचा कंपायलर प्रत्येक फाइल वेगळ्या थ्रेडमध्ये वाचतो, आणि नियमांत कंसात कंस खोल गेले की स्टॅकही खोल जातो. लिनक्सवर थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो, फ्रीबीएसडीवर २, ओपनबीएसडीवर अर्धा. किती मिळावा हे पोझिक्स ठरवत नाही. हवा तेवढा मागून घ्यायची सोय मात्र त्यात आहे. आम्ही कधी मागितलाच नव्हता.

पुढे एका ग्राहकाला कंटेनरसाठी अल्पाइन लिनक्सवर कंपायलर हवा होता. अल्पाइनची सी लायब्ररी मसल, तिथे थ्रेडला १२८ केबी स्टॅक मिळतो आणि क्यूसॉर्टच्या आत स्मूथसॉर्ट आहे, तेही समानांचा क्रम न राखणारं. सर तोवर निवृत्त झाले होते. टीममधल्या नव्या मुलाला मी बिल्ड लावायला सांगितलं आणि दिवसभर काय काय मोडेल याची मनात तयारी ठेवली. तो दुपारच्या चहाआधी आला आणि म्हणाला, “ताई, झालं.”

आता रोज रात्री आमची चार मशीनं एकमेकांसाठी कंपायलर बांधतात. लिनक्स ओपनबीएसडीसाठी बांधतं, ओपनबीएसडी अल्पाइनसाठी, फ्रीबीएसडी लिनक्ससाठी, आणि पहाटे सगळ्यांच्या असेंब्लीवर डिफ चालतो. सकाळी ऑफिसला पोचल्यावर मी आधी ती लॉग फाइल उघडते. ती शून्य बाइटांची असते.